पानामागचा लाल कोळी

मार्चच्या शेवटी आठवीच्या मुली वर्गाची गुलाबाची कुंडी घेऊन माझ्या खोलीत आल्या. "सर, रोज पाणी घालतो, तरी पाने पिवळी पडताहेत." पानांवर सुईने टोचल्यासारखे बारीक पांढरट ठिपके होते. पान उलटून पाहिले तर मागे धूळ दिसली, आणि ती धूळ चालत होती!

हा लाल कोळी. आपल्या इंदूरचे माळी त्याला लाल मकडी म्हणतात. घरातल्या कोळ्याचा हा दूरचा नातलग. गोचीड त्याच्या जास्त जवळची. मोठेपणी पाय आठ, म्हणून हा कीटक नव्हे. (अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, तेव्हा परीक्षेत घाई करू नका.) नाव लाल, पण पुष्कळदा तो पिवळट हिरवा असतो व पाठीवर दोन काळे डाग असतात. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या पेशी टोचून तो आतले द्रव्य शोषतो. हरितद्रव्य गेले की ठिपका उरतो. संख्या वाढली की पानामागे बारीक जाळे दिसते.

कोरडी, तापलेली हवा त्याला फार मानवते. 30 अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो, आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. नर नसला तरी ती अंडी घालते. त्यातून फक्त नर निघतात. आपल्याकडचे एप्रिल-मे म्हणजे त्याची दिवाळीच.

ओळखायचे कसे? पांढऱ्या कागदावर फांदी झटका व थोडे थांबा. ठिपके चालू लागले, तर समजा तोच आहे.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या जास्वंदीवर मी दुकानातून आणलेले कीटकनाशक मारले. दहा-बारा दिवसांत कोळी दुप्पट झाले. कोळ्यांवर बरीच कीटकनाशके चालत नाहीत. मरतात ते त्यांना खाणारे छोटे काळे ढालकिडे आणि शिकारी कोळी. पुढे तो शेजारच्या तुळशीवर गेला. ती तुळस आईची होती. तिची पाने रोज तीर्थात पडत, त्यामुळे विष मारायचा प्रश्नच नव्हता. ती वाचली नाही. आई काही बोलली नाही, हे जास्त लागले.

गुलाबाला आम्ही औषध मारले नाही. कुंडी वेगळी ठेवली, फार खराब पाने कापून पिशवीत बांधून टाकली. दर तीन दिवसांनी सकाळी पानांच्या मागून पाण्याची जोरदार धार. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल व साबणाचे काही थेंब. आधी दोनच पानांवर लावून पाहिले. अंडी मागाहून फुटतात, म्हणून एका फवारणीवर थांबलो नाही.

कुंडी सध्या ऑफिसच्या पायरीजवळ सावलीत आहे. दोन नवे फुटवे आलेत, मागूनही स्वच्छ. सुट्टीत ती कोण घरी नेणार, यावर आठवीत अजून भांडण चालू आहे.