कागदावरचा सूर, यंत्रातला सूर

प्रस्तावना

चित्र भिंतीवर टिकते, मूर्ती दगडात टिकते. परंतु गाणे गायले जाते त्याच क्षणी विरूनही जाते. म्हणून गायकाचा सूर पुढच्या पिढीपर्यंत कसा पोहोचवावा, हा प्रश्न फार जुना आहे. एका मराठी विद्वानाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आणि त्यासाठी लखनौत एक विद्यालय उभे राहिले. त्या वेळी सूर जपण्याचे सामान्य माणसाच्या हातातले साधन कागद हेच होते. आज काही हजार रुपयांचा कंडेन्सर मायक्रोफोन हे काम घरबसल्या करू शकतो. मात्र यंत्र हाती आले म्हणजे विद्या हाती आली, असे होत नाही. हे साधन कसे ऐकते आणि त्याच्याकडून चांगले काम कसे करून घ्यावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील :
• स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण यांतील फरक सांगणे;
• कंडेन्सर मायक्रोफोनचे कार्य सोप्या शब्दांत स्पष्ट करणे;
• घरातील ध्वनिमुद्रणासाठी योग्य जागा, अंतर आणि पातळी निवडणे;
• ध्वनिमुद्रण करताना गायकाच्या अनुमतीचे महत्त्व जाणणे.

मूळ पाठ

१. लखनौचे संगीत विद्यालय

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते. परंतु त्यांचे सारे चित्त संगीतात होते. त्या काळी अनेक घराण्यांत बंदिशी धनाप्रमाणे जपल्या जात आणि त्या सहजासहजी कोणाला दिल्या जात नसत. गुरू गेला की त्याच्या कंठातील बंदिशीही त्याच्याबरोबर जात. ही हानी थांबावी म्हणून भातखंडे देशभर हिंडले. रामपूरसारख्या संस्थानांतील उस्तादांकडून त्यांनी विद्या घेतली, शेकडो बंदिशी ऐकल्या आणि सुटसुटीत स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या ग्रंथात प्रसिद्ध केल्या.

१९२४ आणि १९२५ साली लखनौत अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. त्यांतून संगीतशिक्षणाच्या संस्थेची कल्पना पक्की झाली आणि १९२६ साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांचे मोठे साहाय्य या कार्याला लाभले. पुढे भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ही संस्था नावारूपाला आणली. के. जी. गिंडे, दिनकर कायकिणी यांसारखे गायक तेथेच घडले. कैसरबागेतील ही संस्था १९६६ पासून भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाली आहे.

भातखंडे यांच्या स्वरलिपीने बंदिशीचा सांगाडा वाचवला. कोणता स्वर, कोणती मात्रा, सम कोठे, हे कागद सांगू शकतो. परंतु एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरणारी मींड, शब्द उच्चारतानाचा श्वास, उतारवयात कंठाला आलेला कंप, हे कागदावर उतरत नाही. ते केवळ ध्वनीतच राहते.

पाठगत प्रश्न १
(अ) मॅरिस संगीत महाविद्यालय कोणत्या साली सुरू झाले?
(आ) स्वरलिपीत न उतरणाऱ्या दोन गोष्टी सांगा.

२. कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

भारतात १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन तबकडीवर मुद्रित झाले. तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून उंच आवाजात गावे लागे आणि तीन-चार मिनिटांत गाणे आटोपावे लागे. हळुवार आवाजाला त्या यंत्रात स्थान नव्हते. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनच्या साहाय्याने तबकड्या तयार होऊ लागल्या आणि कुजबुजीएवढा सूरही टिपता येऊ लागला.

कंडेन्सर मायक्रोफोनचा शोध त्याआधीच, १९१६ साली, अमेरिकेत ई. सी. वेंटे या शास्त्रज्ञाने लावला होता. तथापि ते साधन महाग होते आणि पुढील अनेक दशके रेडिओ केंद्रे व मोठे ध्वनिमुद्रण कक्ष यांपुरतेच राहिले. लखनौचे आकाशवाणी केंद्र १९३८ साली सुरू झाले. त्या काळी गायकाला आपला आवाज टिकवायचा असेल, तर अशा केंद्राचे किंवा तबकडी काढणाऱ्या कंपनीचे दार गाठावे लागे. १९६२ साली गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इलेक्ट्रेट प्रकारचा मायक्रोफोन तयार केला. त्यामुळे कंडेन्सर मायक्रोफोन लहान आणि स्वस्त करणे शक्य झाले. जे दार मोजक्यांसाठीच उघडत होते, ते अशा रीतीने सर्वांसाठी उघडले.

३. कंडेन्सर मायक्रोफोन कसा ऐकतो?

या मायक्रोफोनमध्ये केसाहूनही पातळ असा एक पडदा असतो. त्याच्या अगदी जवळ धातूची एक स्थिर चकती असते. दोघांवर विद्युतभार असल्यामुळे त्यांची जोडी धारित्राप्रमाणे, म्हणजेच कंडेन्सरप्रमाणे, वागते. यावरूनच त्याला हे नाव पडले. आवाजाच्या लहरी पडद्यावर आदळल्या की पडदा थरथरतो, दोघांमधील अंतर सूक्ष्म प्रमाणात बदलते आणि त्या बदलाबरोबर विद्युत संकेतही बदलतो. इलेक्ट्रेट प्रकारात विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. तरीही आतील विवर्धकाला वीज लागतेच. ही वीज बहुधा ४८ व्होल्टची असते आणि ध्वनी वाहून नेणाऱ्या तारेतूनच दिली जाते. तिला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. मायक्रोफोन आणि संगणक यांना जोडणारे ऑडिओ इंटरफेस नावाचे उपकरण ती पुरवते. यूएसबी प्रकारच्या मायक्रोफोनला वीज थेट संगणकाकडून मिळते.

सभेत वक्त्याच्या हाती दिसतो तो बहुधा डायनॅमिक मायक्रोफोन होय. त्यात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. हे वेटोळे तुलनेने जड असल्याने तो दूरचे बारीक आवाज फारसे टिपत नाही. कंडेन्सरचा पडदा मात्र अत्यंत हलका असतो. त्यामुळे तंबोऱ्याच्या तारेची जवारी, शब्दाच्या शेवटचा श्वास, हे सारे तो ऐकतो. आणि हीच त्याची अडचणही आहे : तो पंख्याचे घरघरणे, शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरील हॉर्नही तितक्याच निष्ठेने ऐकतो. माणसाचा कान नको ते बाजूला सारतो. मायक्रोफोनला ती निवड करता येत नाही. ती निवड ध्वनिमुद्रण करणाऱ्याने करायची असते.

पाठगत प्रश्न २
(अ) मायक्रोफोनला ‘कंडेन्सर’ हे नाव का पडले?
(आ) डायनॅमिक मायक्रोफोन दूरचे बारीक आवाज फारसे का टिपत नाही?

४. एका घरातील ध्वनिमुद्रण

समजा, लखनौच्या जुन्या वस्तीत एक मराठी कुटुंब राहते. घरातील आजीला तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. आजीचे वय झाले आहे. ओव्यांचे शब्द कोणी वहीत लिहिले असले, तरी तिचा स्वर कोठेही नाही. नातीने साठवलेल्या पैशांतून एक स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोन आणला आहे. तिने आता काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे खोली निवडावी. रिकाम्या खोलीत उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि ध्वनिमुद्रण घुमते. हा घुमारा मागाहून पूर्णपणे काढून टाकणे अवघड असते. म्हणून गादी, पडदे, कपड्यांचे कपाट आणि पुस्तके असलेली खोली बरी. लखनौच्या थंडीत घरोघरी रजया निघतात. त्यांपैकी दोन गाणाऱ्याच्या मागे व बाजूला दोरीवर टांगल्या, तर महागड्या फोमवाचून काम भागते. उन्हाळ्यात कूलर आणि पंखा यांचा आवाज मोठा असतो. तेव्हा ते तेवढ्यापुरते बंद ठेवून पहाटे ध्वनिमुद्रण करावे. पहाटे रस्ताही शांत असतो.

दुसरी गोष्ट दिशेची. बहुतेक स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोन पत्त्यांतील बदामाच्या आकाराच्या क्षेत्रात ऐकतात. म्हणजे समोरचे अधिक, बाजूचे कमी आणि मागचे अत्यल्प. म्हणून मायक्रोफोनची पाठ गोंगाटाच्या दिशेला करावी. अनेक मायक्रोफोन शेंड्याकडून नव्हे, तर बाजूने ऐकतात. कोणती बाजू पुढची, हे त्यावरील खुणेवरून किंवा माहितीपत्रकावरून आधी पाहून घ्यावे. शेंड्यात तोंड घालून गाणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. गाणाऱ्याचे तोंड आणि मायक्रोफोन यांत साधारण एक वीत ते हातभर अंतर असावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा ध्वनिदाब निम्मा होतो. खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. म्हणून फार दूर बसल्यास आवाज पोकळ वाटतो. उलट, फार जवळ गेल्यास खर्ज अवास्तव वाढतो. मराठीतील ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांचा उच्चार करताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तळहात तोंडासमोर धरून ‘फळ’ म्हटले, तर तो जाणवतो. हा झोत पडद्यावर आदळला की ‘धप्प’ असा आवाज उमटतो. बांगडीच्या आकाराच्या चौकटीवर पातळ नायलॉनचे कापड ताणून ती मध्ये धरली, तर झोत अडतो. काही स्वस्त मायक्रोफोन ‘स’ आणि ‘श’ यांना धारदार करतात. तेव्हा मायक्रोफोन तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित तिरपा ठेवावा.

चौथी गोष्ट पातळीची. आजी सर्वांत उंच स्वर लावेल, तेव्हा संगणकावरील दर्शक कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील, अशा बेताने पातळी ठेवावी. मर्यादा ओलांडली की आवाज फाटतो आणि तो मागाहून पूर्णपणे सांधणे अवघड असते. हळू मुद्रित झालेला आवाज मात्र पुढे वाढवता येतो. ध्वनी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या प्रमाणात साठवल्यास एकेरी ध्वनीच्या एका मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एका तासाच्या ओव्या सुमारे ५२० मेगाबाइटमध्ये बसतात.

प्रत्यक्ष मुद्रणापूर्वी अर्धा मिनिट कोणीही न बोलता शांतता मुद्रित करावी आणि हेडफोन लावून ती ऐकावी. घड्याळाची टिकटिक, नळाचा थेंब, पंख्याची घरघर, जे कधी लक्षात आले नव्हते, ते सारे तेव्हा ऐकू येते. महाग मायक्रोफोन या दोषांवर पांघरूण घालत नाही. उलट तो ते अधिकच स्पष्ट दाखवतो. स्वस्त मायक्रोफोनचा स्वतःचा सूक्ष्म ‘सूं’ असा आवाज थोडा अधिक असतो, हे खरे. परंतु नीट निवडलेल्या खोलीत, योग्य अंतरावरून घेतलेल्या गाण्यात तो सहसा खुपत नाही.

काम संपल्यावर मायक्रोफोन कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. पावसाळी दमटपणा आणि धूळ हे त्याच्या पडद्याचे शत्रू आहेत.

५. अनुमती आणि जतन

ज्याचा स्वर, त्याचा त्यावर पहिला अधिकार. गायकाला न सांगता यंत्र सुरू ठेवणे हा विश्वासघात आहे. ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, ते घरापुरते राहणार की सर्वांसाठी खुले होणार, हे आधी विचारावे आणि नकार मिळाल्यास तो मानावा.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडीच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पुढे त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि २०१७ पासून हा संग्रह गाणाऱ्यांच्या व गावांच्या नावांसह संकेतस्थळावरून लोकांपुढे येऊ लागला. नावावाचून मुद्रित झालेला आवाज काही वर्षांनी अनोळखी ठरतो. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले, हे तिच्याच तोंडून घ्यावे आणि ध्वनिफितीच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात.

भातखंडे यांच्या हाती लेखणी होती, आजच्या विद्यार्थ्याच्या हाती मायक्रोफोन आहे. साधने भिन्न असली, तरी दोन्ही कामांचा पाया एकच आहे. लिहिण्यापूर्वी त्यांनी एकाग्र होऊन ऐकले. मुद्रित करणाऱ्यालाही आधी ऐकायलाच शिकावे लागते.

शब्दार्थ

मींड – एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे
जवारी – तंबोऱ्याच्या घोडीवरील दोऱ्यामुळे तारेला येणारा झंकार
विवर्धक – क्षीण विद्युत संकेत वाढवणारे साधन, ॲम्प्लिफायर
घुमारा – भिंतींवरून परतून रेंगाळणारा आवाज
अनुमती – परवानगी

आपण काय शिकलो?

• स्वरलिपी गाण्याची रचना जपते. ध्वनिमुद्रण गायकाचा स्वर जपते.
• कंडेन्सर मायक्रोफोन अतिशय संवेदनशील असल्याने हवे-नको सारेच टिपतो.
• ध्वनिमुद्रणाचा दर्जा यंत्राच्या किमतीपेक्षा खोली, दिशा, अंतर आणि पातळी यांवर अधिक अवलंबून असतो.
• गायकाची अनुमती आणि नोंद यांवाचून ध्वनिमुद्रण अपुरे आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘स्वरलिपीने बंदिशीचा सांगाडा वाचवला’, या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. कंडेन्सर मायक्रोफोनचा गुण हीच त्याची अडचण कशी ठरते, ते सोदाहरण लिहा.
३. स्वस्त मायक्रोफोनने चांगले ध्वनिमुद्रण करण्यासाठी घ्यावयाच्या चार दक्षता सांगा.
४. तुमच्या घरातील किंवा परिसरातील कोणाचा आवाज जपावा असे तुम्हाला वाटते? का? दहा ओळींत लिहा.

उपक्रम

घरातील एखाद्या खोलीत दोन मिनिटे डोळे मिटून बसा. ऐकू आलेल्या आवाजांची यादी करा आणि त्यांपैकी कोणते थांबवता येतील, ते त्यापुढे नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९२६. (आ) मींड, उच्चारतानाचा श्वास (किंवा कंठाचा कंप).
२. (अ) पडदा आणि चकती यांची जोडी धारित्राप्रमाणे वागते म्हणून. (आ) पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे जड असल्यामुळे.