‘आभा’ काढलं, मग रिपोर्ट कुणालाही दिसतील का?

प्रश्न : आईचा ‘आभा’ (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) क्रमांक काढला. तिचे रिपोर्ट आता देशभर कुणालाही दिसतील का?

उत्तर : नाही. पण तुमची काळजी रास्त आहे. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये सगळे रिपोर्ट एकाच सरकारी गोदामात जात नाहीत. तपासणी जिथे झाली, नोंद तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल तर आईकडे विनंती येते. कोणते कागद, किती काळासाठी, हे तिनेच ठरवायचं; दिलेली संमती मागेही घेता येते. म्हणून काउंटरवर घाईत ओटीपी सांगू नका, आधी विनंती वाचा.

खरी अडचण वेगळी आहे. रुग्णालय या यंत्रणेला जोडलेलंच नसेल तर १४ अंकी क्रमांक असूनही काही दिसत नाही. तेव्हा जुनी फाइल जपा. चालू गोळ्या आणि औषधांची ॲलर्जी लिहिलेली चिठ्ठी आईच्या पर्समध्ये असूच द्या.