फळमाशीची अंडी व किरणांची मात्रा

नारायण पेठेतील घरी आंबा चिरताना अळी निघाली, तर तेवढा आंबा टाकून भागते. परदेशी निघाली, तर सगळी खेप अडते. फळमाशी सालीखाली अंडी घालते. तेथे फवारा पोहोचत नाही, गॅमा किरण पोहोचतात.

अंड्याचे वय मात्र पाहावे लागते. नुकत्याच घातलेल्या अंड्यात पेशींचे विभाजन झपाट्याने चालते. अशा वेळी थोड्या किरणांनीही भ्रूणाची वाढ खुंटते. आत अळी तयार होऊन अंडे फुटण्याच्या बेतास आले, की तेच कितीतरी अधिक मात्रा सोसते. एकाच पेटीत दोन्ही वयांची अंडी असतात, अळ्याही असतात. म्हणून मात्रा ठरवावयाची ती सर्वांत चिवट अवस्थेवरून. फळमाश्यांसाठी १५० ग्रे ही आंतरराष्ट्रीय किमान मात्रा होय. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यास मात्र, कोयीतील सोंडकिडाही ध्यानात घेऊन, ४०० ग्रे ठरली व २००७ साली नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात प्रक्रिया केलेला आंबा तिकडे गेला.

प्रक्रियेनंतरही एखादी अळी जिवंत दिसेल. तिची माशी होत नाही. परंतु किरणांचा अंश फळात उरत नाही, नवी माशी बसल्यास संरक्षण मुळीच नसते. यास्तव फळे आधीच जाळीबंद पेटीत भरावीत.