सरकारी वकील व्हायचंय?

‘मुलीला उज्ज्वल निकमांसारखं व्हायचंय’ असं पालक हौसेने सांगतात. 1993 चे बॉम्बस्फोट आणि 26/11 या खटल्यांत निकम विशेष सरकारी वकील होते. त्या नेमणुकीला किमान 10 वर्षांची वकिली लागते. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाला 7. बारावीच्या मुलीने आज पाहायला हवं ते मॅजिस्ट्रेट कोर्टातलं पद : सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे कोर्टाच्या बोलीत एपीपी. भरती एमपीएससीमार्फत होते आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही.

काम काय? सकाळी रिमांड, मग जामीन अर्जांवर म्हणणं मांडणं, दुपारी साक्षीदारांचा सरतपास. त्यात पंच ऐन वेळी फितूर होतो. तपास पोलिसांचा असतो. पंचनाम्यात राहिलेली भोकं वकिलाला कोर्टात बुजवता येत नाहीत.

मारहाण शेजाऱ्याला झाली, तरी पोलीस केस चालते ती ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ अशी. म्हणून हा वकील फिर्यादीचा नसतो. फिर्यादीने स्वतःचा वकील दिला, तरी त्याला सरकारी वकिलाच्या सांगण्यानुसारच चालावं लागतं. ‘शिवकुमार विरुद्ध हुकम चंद’ या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावलं : काहीही करून शिक्षा मिळवण्याची तहान सरकारी वकिलाला नसावी आणि आरोपीच्या फायद्याची बाब त्याने दडवू नये. ज्या मुलाला प्रत्येक वाद जिंकायचाच असतो, त्याला हे जड जातं. माझ्या मते वक्तृत्वाच्या बक्षिसांपेक्षा ही कसोटी मोठी.

वाट सरळ आहे, पण लांब. सीईटी देऊन बारावीनंतर 5 किंवा पदवीनंतर 3 वर्षांचं एलएलबी, महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद, बार कौन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा. मग फौजदारी वकिलाकडे ज्युनिअरशिप. या काळात घरखर्चाला हातभार लागेल, अशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते. दोन्ही वाचावे लागतील.

खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येतं. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलाला तालुक्याच्या कोर्टात आठवडाभर बसू द्या, मोबाइल बंद ठेवून. कंटाळा आला तर फी वाचेल.