चांदीचा रुपया विकण्याआधी

घरात जुने चांदीचे रुपये सापडले की आधी शोध सुरू होतो तो चिंचेचा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, नाहीतर चांदी उजळायचं बाटलीतलं औषध, जे हाताशी असेल ते लावून रुपये लख्ख केले जातात आणि मग फोटो काढून विचारलं जातं, ‘किती येतील याचे?’ जुनी नाणी जमवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. नात्यातून, शेजारपाजारातून असे फोटो मला सतत येत असतात. ती चकाकी पाहिली की जीव हळहळतो, कारण मी उत्तर देण्याआधीच नाण्याची किंमत उतरलेली असते.

हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. हा थर वर्षानुवर्षं सावकाश आणि सारखा बसला असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने ती नाण्याची जमेची बाजू असते. कोणी हात लावलेला नाही याची ती खूण असते. घासलं की थराबरोबर वरची चांदीही निघून जाते. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरची नक्षी बोथट होते, मोकळ्या सपाट जागेवर बारीक ओरखडे उठतात. भिंगाखाली हे सगळे ओरखडे एका दिशेने गेलेले दिसतात आणि पारखी माणूस नाणं तिथेच खाली ठेवतो. फार धूळ असेल तर साधं पाणी पुरे. पाण्यातून काढून मऊ कापडावर नुसतं टेकवायचं, पुसायचं नाही.

पण घासण्यापेक्षाही मोठं नुकसान मी पाहिलं आहे, आणि ते माझ्या मामाच्याच घरात झालं.

मामी गेल्यावर धान्याच्या खोलीत एक तांब्या निघाला, तोंडाला फडकं बांधलेला. आत रुपये. मामेभावाने फोन केला, ‘‘दादा, सराफ तोळ्यावर घ्यायला तयार आहे. थोडे देऊन आलोय, उरलेले तू बघून घे.’’ मी पोचलो तेव्हा उरलेले म्हणजे राणीछाप आणि राजाछाप रुपये देवासमोर मांडून ठेवले होते. देखणे, गोल, ओळखू येणारे. जे आधी गेले ते कसले होते, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘ओबडधोबड होते, नीट गोलसुद्धा नव्हते. उर्दू अक्षरं होती, निजामाबिजामाचे असतील.’’ तांब्याच्या तळाशी त्यांतले दोन चिकटून राहिले होते. मी ते भिंगाखाली धरले. फारसी अक्षरांच्या मधोमध अंकुशाची आकृती होती.

तो अंकुशी रुपया होता, पेशवाईतल्या पुण्याच्या टांकसाळीतला. मराठ्यांनी चांदीचे रुपये पाडले, पण त्यांवर बहुतेक ठिकाणी दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं नाव फारसीत राहिलं. बाजारात चालायचं तर ओळखीचा छाप हवा, ही त्या काळची रीत होती. आपली ओळख त्यांनी छोट्या चिन्हांतून ठेवली: पुण्याकडच्या रुपयावर अंकुश, नाशिकच्या रुपयावर जरीपटका. चांदवडची टांकसाळही नावाजलेली होती, तिच्या रुपयाला चांदोरी म्हणत. हे रुपये हाताने ठोकलेले. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, म्हणून मजकुराचा एखादाच भाग नाण्यावर उतरतो. काहींवर सराफांनी पारख करताना मारलेल्या बारीक खुणाही दिसतात. ज्याला वाचता येत नाही त्याला हा नुसता चेपलेला चांदीचा गोळा वाटतो. म्हणूनच मराठी घरांतून मराठ्यांचीच नाणी सर्वांत आधी मुशीत जातात आणि राणी व्हिक्टोरिया देव्हाऱ्यात राहते. सराफाला मी दोष देत नाही. त्याने चांदीचा भाव चोख दिला होता, कारण त्याच्यापुढे चांदी म्हणूनच ते आले होते.

विकण्याची घाई असो वा नसो, त्याआधी एक वही घ्यावी. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा. साल, राजा किंवा राणी, वजन आणि काठ कसा आहे ते लिहावं. दोन्ही बाजूंचा आणि काठाचा फोटो काढावा. जे वाचता येत नाही ते बाजूला ठेवावं आणि ते सर्वांत शेवटी विकावं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात खरी नाणी मांडलेली आहेत, ती बघून आलं तरी डोळा बराच तयार होतो.

इंग्रजी रुपयांचं वाचन त्या मानाने सोपं, तरी त्यातही गफलती होतात. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला: वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. अशा एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम भरते. हे वजन आणि हा कस १९३९पर्यंत टिकले. १८६२ साल घातलेले रुपये पुष्कळ सापडतात, कारण तेच साल १८७४पर्यंत छापलं जात राहिलं. नेमकं वर्ष सालाखालच्या आणि इतर ठिकाणच्या ठिपक्यांवरून ओळखतात, आणि ठिपका कुठे व किती यावर मागणी बदलते. १८७७पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं. १९११च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बराचसा माल परत वितळवला गेला आणि १९१२पासून हत्ती सुधारून कोरला. असा १९११चा रुपया इतर राजाछापांच्या ढिगात तोळ्यावर जाणं म्हणजे सरळ तोटा.

१९४०पासून मात्र रुपयात चांदी निम्म्यावर आली. वजन तेच, आकार तोच, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. काठ बघितला की फरक कळतो: जुन्या रुपयाच्या काठावर उभे कंगोरे सरळ असतात, १९४०नंतरच्या काठात मधून खाच फिरवलेली असते. १९४७चा वाघाचा रुपया तर चांदीचा नाहीच, निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. विकणाऱ्याने हे तिन्ही गट वेगळे करूनच दुकानात जावं. एकत्र नेले तर सगळ्यांना सर्वांत हलक्या कसाचा भाव लागायचा धोका असतो. घेणाऱ्याने तर हे आधीच पाठ करावं.

घेणाऱ्यांसाठी खऱ्याखोट्याची एक परीक्षा मी घरीच करतो आणि ती कोणालाही जमेल. दागिन्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. आधी कोरडं नाणं तोलायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा काचेला लागणार नाही असं हातात धरायचं. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. अस्सल जुना रुपया ११.६६ भरत असेल तर तो आकडा १.१३च्या आसपास यायला हवा. १९४०नंतरच्या रुपयाला १.२२च्या जवळ येतो. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचा, त्याच वजनाचा तुकडा १.३४च्या पुढेमागे दाखवतो, कारण त्यात चांदीचा कणही नसतो. फार चाललेलं नाणं वजनात थोडं कमी भरतं, पण भागाकार बदलत नाही: कोरडं वजन भागिले पाण्याचा आकडा, चांगल्या रुपयाला साधारण १०.३. दिवाळीच्या तोंडावर बाजारात येणारे नवे राणीछाप इथे उघडे पडतात. ओतीव नक्कल असेल तर काठावर जोडाची रेघ आणि पृष्ठावर बारीक छिद्रंही सापडतात.

पण ही परीक्षा एका ठिकाणी साफ निकामी ठरते. १९३९चा रुपया अतिशय दुर्मीळ आहे, त्याची किंमत इतर सहाव्या जॉर्जच्या रुपयांच्या पंक्तीत बसत नाही. असा एक रुपया एकदा माझ्यापुढे आला. आणणारा गृहस्थ शांत, व्यवस्थित बोलणारा. वजन बरोबर, पाण्याचा आकडा बरोबर, काठाचे कंगोरे बरोबर. खणखणीत वाजतही होता. मग भिंग घेऊन फक्त शेवटचा आकडा पाहत बसलो. पहिले तीन आकडे पृष्ठभागातून गोलसर उगवले होते, वर्षांच्या वापराने त्यांची धार सारखी मऊ झाली होती. चौथ्याचं पोट एका बाजूने खरवडलेलं, खालचा भाग सपाट, आणि त्याच्याभोवतीची जमीन बाकीच्या नाण्यापेक्षा किंचित उजळ. १९३८च्या आठाचा नऊ केलेला होता. नाणं अस्सल, चांदी अस्सल, साल खोटं. वजनकाटा यात काय करणार? दुर्मीळ सालाचं नाणं घेताना त्या आकड्याशिवाय दुसरीकडे बघूच नये, आणि घाई करणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये. त्या गृहस्थांना त्याच संध्याकाळी पैसे हवे होते.

मोठी किंमत सांगितली की आणखी एक प्रश्न विचारावा: हे त्याच वेळचं आहे की पुनर्मुद्रण? कंपनीच्या आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या काही ठशांवरून टांकसाळींनी संग्राहकांसाठी नंतरही नाणी पाडून दिली. ती खोटी नाहीत, पण किंमत वेगळी असते. प्रामाणिक विक्रेता हे स्वतःहून सांगतो.

राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८सारखं साल, अशा तुकड्यांबद्दल तर हात जोडून सांगतो, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कंपनीने असं चलन कधी पाडलेलं नाही. हे नाणं तांदूळ ओढतं, अमुक संस्था त्याला कोटी देते, असं सांगून चाचणीच्या नावाखाली लोकांकडून लाखो रुपये काढले जातात. यात शेती विकलेली माणसं असतात, ऐकून पोटात तुटतं. फोनवर येणारा दुसरा प्रकारही तसाच: ‘तुमच्याकडच्या जुन्या नोटेला, वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतील, फक्त नोंदणी फी आणि कर आधी भरा.’ रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला होता की बँक अशा व्यवहारात नाही, कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा व्यवहार दिसला की फोन ठेवायचा.

वही तयार झाल्यावर विक्री अवघड नाही. झिजलेले, कडी लावलेले, भोक पाडलेले सामान्य रुपये सराफाकडे मोडीत घालायला हरकत नाही. गळ्यातल्या माळेतून निघालेल्या रुपयाला टाक्याची खूण राहतेच आणि संग्राहक त्याला फारसं विचारत नाही. त्यातही दोन-तीन दुकानं फिरावीत आणि घट किती धरताय हे स्पष्ट विचारावं. बाजूला काढलेली नाणी मात्र निदान दोन जाणकारांना वेगवेगळी दाखवावीत. लिलावगृहाकडे द्यायची असतील तर त्यांचे मागच्या लिलावांचे निकाल आधी वाचावेत, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहते. विकणाऱ्याकडून किती टक्के कापणार, राखीव किंमत कोण ठरवणार, विकलं नाही तर परत कधी, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्यावं. पोचपावतीवर ‘चांदीची नाणी, नग अमुक’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. तुमच्या वहीतला क्रमांक आणि फोटो तिला जोडा. नाण्यांच्या जगात अदलाबदल होते, आणि झाल्यावर सिद्ध करायला दुसरं काही हातात नसतं.

नाणी घरात ठेवायची ठरली तर साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. मऊ पीव्हीसीमुळे काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. रबरबँडनेही डाग पडतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि नाणं नेहमी काठाने उचलावं.

कायद्याचं दोन ठिकाणी भान हवं. घराचा पाया खणताना, शेतात नांगरताना हंडा निघाला तर १८७८च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवल्यास हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. मला यात कायद्यापेक्षा जास्त वाईट वाटतं ते मोडलेल्या ठेव्याचं. कुठल्या टांकसाळीची नाणी कुठल्या गावी एकत्र पुरली गेली, यावरून व्यापाराचे रस्ते कळतात. एकदा ती वाटून घेतली की तो पुरावा कायमचा संपतो.

दुसरं, परदेशी राहणारी मुलं. आजीचा रुपया ओटीत घालून बरोबर देण्याची आपल्याकडे फार हौस. पण १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप तर सगळेच त्यात आले. सहाव्या जॉर्जचे रुपये अजून शंभरीच्या आत आहेत. माझ्या भाचीला न्यू जर्सीला जाताना आम्ही १९४१चा दिला, त्याचा साल दिसेल असा फोटो तिच्या फोनमध्ये ठेवला, आणि राणीचा रुपया तिच्या नावाची चिठ्ठी लावून इथेच कपाटात ठेवला. सालाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते नाणं पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते प्रवासाच्या बरंच आधी मागावं, आदल्या आठवड्यात धावपळ करून हाती लागत नाही.