मालाची आवक आणि बांधकामाची घडी



ऊसतोडणीचा कार्यक्रम आपल्याला नवा नाही. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरला आणि गाडीमागे सरासरी २० टन ऊस मोजला, तर दिवसाला २५० गाड्या, म्हणजे तासाला १० ते ११ गाड्या काट्यावर याव्या लागतात. कमी आल्या तर गव्हाण रिकामी राहते, जास्त आल्या तर ऊस उभ्या गाडीत वाळतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला पाहिजे, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आम्ही दर हंगामात सांगत असतो.

हाच हिशेब मोठ्या बांधकामालाही लागू पडतो. कळंब परिसरात सामुदायिक पाइपलाइन व उपसा योजनांची कामे निघत असतात. काम रखडले की आपण गवंड्याला आणि ठेकेदाराला बोल लावतो. पण पुष्कळदा दुखणे वेगळेच असते. हवा तो माल आलेला नसतो, आणि नको तो आधीच येऊन वाट अडवून बसलेला असतो. म्हणून या लेखात मालाच्या आवकीचा थोडा अभ्यास करू.

भाटघरचा धडा

नीरा डाव्या कालव्याला ज्या भाटघर धरणाचा आधार आहे, त्याचे काम १९१२ साली सुरू झाले आणि १९२८ साली पुरे झाले. त्यात सुमारे २ कोटी १५ लाख घनफूट दगडी बांधकाम आहे. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २ लाख १५ हजार ब्रास झाले. १६ वर्षांनी भागले तर वर्षाला १३ हजारांवर ब्रास येतात. पावसाळ्याचे ४ महिने सोडले तर दिवसाला सरासरी ५५ ब्रास. आजच्या भाषेत, रोज ५५ ट्रॉल्या माल, तोही १६ वर्षे! हा आमचा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. धरण बांधणे म्हणजे जितके गवंडीकाम, तितकेच ते मालाची रांग न तुटू देण्याचे काम.

कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात शेती आणि साखर कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद हे मूळचे रेल्वेच्या कामांचे ठेकेदार. रेल्वेच्या ठेक्यात रूळ, स्लीपर, खडी आणि माणसे यांची गाठ वेळेवर पडली नाही, तर नफ्याचा तोटा व्हायला वेळ लागत नाही.

परदेशातले एक उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या १०२ मजली एम्पायर स्टेट इमारतीचे काम मार्च १९३० मध्ये सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी ती खुली झाली. भोवती गजबजलेले रस्ते, माल साठवायला जागा नाही. तेव्हा विटांचे ट्रक थेट आत घेत. विटा तळघरातल्या, आपल्या गव्हाणीसारख्या, मोठ्या होपरमध्ये ओतत आणि तिथून त्या वरच्या मजल्यांवर चढवत. तिथे छोट्या रुळांवरच्या गाड्या त्या गवंड्याच्या हाताशी नेत. रस्त्यावर ढीग नाही, दोनदा उचलणे नाही.

तारीख शेवटाकडून मोजा

आता आपल्या कामाकडे वळू. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. तोवर शेतात पाणी पोचायचे असेल तर जूनमध्ये लाइनची चाचणी व्हायला हवी. काळ्या रानात पाऊस पडला की चर ढासळतो आणि गाडी रुतते, म्हणून पाइप मेअखेर पुरून झाले पाहिजेत. जॅकवेलचे काँक्रीट नदीला पाणी कमी असताना, मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. पंप, मोटार आणि वीजजोडणी यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांचे अर्ज व मागणी सर्वांत आधी. पाणी उचलण्याची परवानगी तर त्याच्याही आधी. ती हातात नसताना एकही पाइप घेऊ नये.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. गळीत हंगामात ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मजूर उसाला लागलेले असतात. त्या दिवसांत भाडे वाढते आणि गाडी सांगितलेल्या दिवशी येईलच असे नाही.

पाइपचा हिशेब

३ किलोमीटर लाइन आणि ६ मीटरचा पाइप धरला तर ५०० पाइप लागतात. दिवसाला २५ पाइप बसत असतील तर काम २० दिवसांचे. एका गाडीत ५० पाइप आले तर १० खेपा होतात, म्हणजे दर दोन दिवसांनी एक गाडी. चर पुढे चालला आहे आणि मागून पाइप येतो आहे, अशी ही साखळी हवी. एक गाडी चुकली तरी काम अडू नये म्हणून दोन दिवसांचा माल शिल्लक ठेवावा, महिन्याचा नको.

आमच्या पाहण्यात अशी एक योजना आली, की सगळे पाइप एकदम आणून टाकले आणि लाइनच्या वाटेवर ऊस उभा! तोड होईपर्यंत चार महिने पाइप उन्हात पडून. पीव्हीसी पाइपला ऊन बाधते. शिवाय २० लाखांचे कर्ज दरसाल १२ टक्क्यांनी धरले तर व्याज महिन्याला २० हजार, चार महिन्यांचे ८० हजार. हा पैसा पाण्याचा एक थेंब न येता सभासदांच्या उसाच्या बिलातून जातो. तेव्हा लाइनच्या वाटेवर कोणाचा ऊस आहे, त्याची तोड कधी, हे पाइपची मागणी देण्याआधी गट कार्यालयातून समजून घ्यावे.

सिमेंट, वाळू, खडी

१:२:४ च्या एक घनमीटर काँक्रीटला साधारण साडेसहा पोती सिमेंट, ०.४५ घनमीटर वाळू व ०.९ घनमीटर खडी लागते. ६० घनमीटर कामाला सुमारे ३९० पोती, साडेनऊ ब्रास वाळू आणि १९ ब्रास खडी झाली. वाळू-खडी आधी आणून ठेवली तरी बिघडत नाही. पावसाळ्यात नदीची वाळू मिळत नाही, तेव्हा ती आधीच घ्यावी. सिमेंटचे मात्र तसे नाही. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचवा हिस्सा घटते. म्हणून १५ दिवसांच्या कामापुरतेच आणावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहाच्या वर थर न लावता रचावीत. आधी आलेले पोते आधी फोडावे.

गाडी येण्याआधी

१) पाणंद, कालव्यावरचा पूल आणि वळण यांवरून भरलेली लांब गाडी जाईल का, हे सायकलवरून नव्हे, गाडीवाल्याला बरोबर घेऊन पाहावे. इथेच घोडे पेंड खाते.

२) उतरवण्याची जागा आखून ठेवावी. जिथे लागणार तिथेच माल उतरवावा. दुसऱ्यांदा उचललेल्या मालाची मजुरी दुप्पट.

३) माल उतरवून घेणारा एकच जबाबदार माणूस नेमावा. ‘कोणीतरी असेल’ म्हटले की तिथे कोणीच नसते.

४) आवक वहीत तारीख, गाडी नंबर, चलन, मोजलेली संख्या आणि फुटतूट रोजच्या रोज लिहावी. फुटका पाइप गाडी उभी असतानाच चलनावर नोंदवावा, मागाहून कोणी दाद देत नाही.

५) बिल चलनावर नव्हे, वहीतल्या मोजमापावर द्यावे.

६) दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या मालाची यादी करून पुरवठादाराला कळवावी.

या सगळ्याला मोठे शिक्षण लागत नाही. आपला तोडणी कार्यक्रम जो सभासद समजतो, त्याला हे सहज जमण्यासारखे आहे. वही दोनशे पानी पुरते. मात्र ती रोज लिहिली गेली पाहिजे आणि योजनेच्या प्रत्येक सभासदाला केव्हाही पाहता आली पाहिजे. सहकारात विश्वास टिकतो तो अशा उघड्या वहीने.

यंदा ज्यांच्या सामुदायिक योजनेचे काम निघणार असेल, त्यांनी लाइनचा नकाशा व गट नंबर घेऊन गट कार्यालयात यावे. वाटेवरच्या उसाच्या लागण-नोंदी व तोडीच्या तारखा पाहून मालाचे वेळापत्रक आपण मिळून बसवू.

— ऊस विकास अधिकारी