चाकांवरचं घर आणि त्याची बॅटरी

'बारा व्होल्टला काय होतंय?' हे वाक्य वर्कशॉपमध्ये नेहमी ऐकू येतं. शॉक लागत नाही हे खरं. पण बारा व्होल्टवर गाडी जळू शकते, हेही तितकंच खरं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम करायचा विचार इकडेही सुरू झाला. पलंग आणि ओटा सुतार करून देईल. वीज मात्र आपल्यालाच बघावी लागते.

पहिली गोष्ट, गाडीची स्टार्टिंग बॅटरी घरासाठी वापरायची नाही. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला तर सकाळी घाटात गाडीला धक्का मारायची वेळ येते आणि चार-दोन वेळा असं झालं की बॅटरीही जाते. घराला वेगळी डीप सायकल बॅटरी हवी, म्हणजे जाड प्लेटांची, हळूहळू खोलवर रिकामी होणारी.

किती मोठी? इथे अंदाजपंचे चालत नाही, हिशोब करायचा. ५० वॉटचा छोटा कंप्रेसर फ्रिज अर्धा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ६०० वॉट-अवर. २० वॉटचा पंखा दहा तास, २००. चार एलईडी दिवे मिळून १००. लॅपटॉप-मोबाइल १५०, पाण्याचा पंप जेमतेम १५. एकूण १०६५, भागिले १२, म्हणजे सुमारे ९० एएच. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून १८० एएच घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, तिथे ११० पुरे. (मे महिन्यात फ्रिज अर्धा वेळ नाही, जवळजवळ पूर्ण वेळ चालतो. तेव्हा थोडं वाढवून धरा.)

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून तीच गाडीत टाकायचा मोह होतो. नको. वळणावर ॲसिड सांडतं आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बंद जागेत तो चार टक्क्यांवर गेला तर एक ठिणगी पुरते. लेड-ॲसिडच घ्यायची तर सीलबंद एजीएम किंवा जेल घ्या. १५० एएच ट्युब्युलर पन्नास-साठ किलो भरते, तर १०० एएच लिथियम बारा-तेरा किलो. हा फरक चढावर कळतो.

आता वायरिंग. खरी परीक्षा इथेच. १००० वॉटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टच्या बाजूला सव्वाचार-साडेचार अँपिअर देतो, पण तोटा धरून बॅटरीकडून जवळपास १०० अँपिअर ओढतो. समजा इन्व्हर्टर तीन मीटरवर आहे. जाणं-येणं मिळून सहा मीटर तांबं. १० स्क्वेअर एमएमची वायर घातली तर रेझिस्टन्स सुमारे ०.०१०५ ओहम, ड्रॉप १.०५ व्होल्ट आणि वायरीत उष्णता १०५ वॉट! म्हणजे प्लायवूडच्या मागे एक छोटी शेगडीच पेटवून ठेवली म्हणा ना. ३५ स्क्वेअर एमएम घातली की ड्रॉप ०.३ व्होल्टवर येतो. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच बसवा आणि लांबची वायर २३० व्होल्टची ओढा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. त्याच्या अलीकडची वायर घासून चासीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नाही. आणि फ्यूजऐवजी घरातला एसी एमसीबी लावू नका, बरं का. ५० हर्ट्झला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून आर्क विझतो. डीसीला शून्य नाही, आर्क पेटलेलाच राहतो.

दोन बॅटऱ्या पॅरलल जोडायच्या तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या घ्या. लोडचा पॉझिटिव्ह पहिलीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढा. दोन्ही एकीवरूनच काढले तर तीच जास्त राबते आणि आधी मरते.

चार्जिंगला लेड-ॲसिड असेल तर रिले चालतो. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, उतरलं की तोडायच्या. लिथियमला हे करू नका. तिचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते आणि ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला अल्टरनेटर तापून जातो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घाला. लडाख-स्पितीचा बेत असेल तर बॅटरी माणसांच्या केबिनमध्ये ठेवा, कारण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलमध्ये धातूरूप लिथियम साचतं आणि तो सेल कायमचा बिघडतो.

सगळं झाल्यावर इन्व्हर्टरवर पूर्ण लोड टाका आणि मल्टिमीटरने प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंमधले मिलिव्होल्ट मोजा. १०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट दिसले, तर त्या एका नटाखाली पाच वॉट जळताहेत. लोड बंद करून तो नट उघडा, लग घासून साफ करा, आवळा आणि पुन्हा मोजा.